वाय९९सी: कॅल्शियमला हातही न लावणारा बदल डोळ्यातलं कॅल्शियम कसा बिघडवतो?

कागलची_पोरगी (धागाकर्ती)

कोल्हापुरात एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला जीकॅप-१ हे प्रथिन मिळालंय. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशपेशींत असतं, २०१ अमिनो आम्लांचं, जनुक जीयूसीए१ए, सहाव्या गुणसूत्रावर. पेशीत कॅल्शियम किती आहे ते ओळखायचं आणि त्यानुसार ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमला चालवायचं किंवा थांबवायचं, एवढंच त्याचं काम. सायक्लेज सीजीएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) बनवतं.

ज्यांना हे चक्र माहीत नाही त्यांच्यासाठी: अंधारात पेशीत सीजीएमपी भरपूर असतं, त्यामुळे पेशीच्या आवरणातल्या वाहिन्या (आयन आत येण्याची दारं) उघड्या राहतात आणि सोडियमबरोबर कॅल्शियमही आत येतं. उजेड पडला की सीजीएमपी तुटतं, वाहिन्या मिटतात. कॅल्शियम बाहेर काढणारं एक्स्चेंजर प्रथिन मात्र चालूच असतं, म्हणून आतलं कॅल्शियम घसरतं. उंदराच्या दंडपेशीत (कमी उजेडात बघणारी प्रकाशपेशी) अंधारात ते साधारण २५० नॅनोमोलर असतं, लख्ख उजेडात २५च्या आसपास येतं. एवढं उतरलं की जीकॅपवरचं कॅल्शियम सुटतं, त्या जागी मॅग्नेशियम बसतं आणि जीकॅप सायक्लेजला कामाला लावतं. सीजीएमपी परत भरतं, वाहिन्या उघडतात, पेशी पूर्ववत.

जीकॅपमध्ये कॅल्शियम धरायच्या चार जागा, म्हणजे ईएफ-हँड. पहिली नावापुरती, तिथं कॅल्शियम बसत नाही. बाकी तिन्ही चालू. प्रत्येक जागा म्हणजे १२ अमिनो आम्लांचं एक लूप. तिसऱ्या ईएफ-हँडचं लूप १०० ते १११.

आता अडचण. या जनुकातला सगळ्यात गाजलेला बदल वाय९९सी, १९९८ साली शंकुपेशींच्या (लख्ख उजेडात आणि रंग बघणाऱ्या प्रकाशपेशी) आनुवंशिक आजाराच्या एका घराण्यात सापडलेला. ९९व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन. म्हणजे लूपच्या बाहेर! कॅल्शियमला धरणाऱ्या बारा जणांत हा नाहीच. कोंबडीच्या जीकॅप-१ची २००७ची स्फटिकरचना घेऊन माणसाचं मॉडेल बनवलं, बदल घातला, लॅबच्या कॉम्प्युटरवर रेणूंच्या हालचालीचं १०० नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन चालवलं. तिन्ही कॅल्शियम जागचे हलले नाहीत. मूळ प्रथिन आणि बदललेलं, दोघांचे आलेख एकावर एक. मग आजार होतो तो कशामुळं?

---

तांबडा_पांढरा

वाखूसा (वाचनखूण साठवली). निम्मं डोक्यावरून गेलं, पण चालू दे. रात्री जेवून परत वाचतो.

---

जुना_बेंच

बाई, सिम्युलेशनवर भरवसा ठेवण्याआधी एक गुणाकार करून बघा.

कॅल्शियम प्रथिनाला चिकटण्याचा वेग ढोबळमानाने एका मोलरला सेकंदाला दहा कोटी धरा. पकड १०० नॅनोमोलरची (म्हणजे एवढ्या कॅल्शियमला निम्म्या जागा भरतात) असेल तर सुटण्याचा वेग सेकंदाला १० वेळा, म्हणजे एक कॅल्शियम सरासरी दशांश सेकंद बसून राहतो. तुमचं सिम्युलेशन त्याच्या दहा लाखांपैकी एक भाग आहे. बदलामुळे पकड शंभर पट ढिली झाली तरी कॅल्शियम एक मिलिसेकंद बसणार, आणि तुम्ही तेव्हाही त्याचा दहा हजारावा हिस्साच पाहिलेला असणार. इतक्या वेळात तो सुटताना दिसला असता तर उलट मला मॉडेलची शंका आली असती.

दुसरं, पकड दहा पट ढिली व्हायला ऊर्जेत फरक किती लागतो? मोलला सुमारे १.४ किलोकॅलरी. हा एका बऱ्यापैकी हायड्रोजन बंधाएवढाही नाही. कॅल्शियमसारख्या दुहेरी भाराच्या आयनाबाबत नेहमीच्या फोर्स फील्डची (सिम्युलेशनमधली अणूंच्या ओढाताणीची सूत्रं) चूकच एवढी किंवा याहून मोठी असते. त्यात ते आयनाला गरजेपेक्षा घट्ट धरून ठेवतात, कारण ऑक्सिजनवरचा भार कॅल्शियमच्या शेजारी कसा सरकतो हे त्यांच्या हिशेबात येत नाही.

आता मूळ प्रश्न. लूपमधल्या बाराही जणांचं काम सारखं नसतं. १, ३, ५ या जागा आपल्या बाजूच्या साखळीतला ऑक्सिजन पुढे करतात, ७वी प्रथिनाच्या मुख्य कण्यातला कार्बोनिल ऑक्सिजन देते, ९वी बहुधा पाण्याच्या रेणूमार्फत, आणि १२व्या जागेचं ग्लुटामेट एकट्यानं दोन ऑक्सिजन देतं. एकूण सात ऑक्सिजन, ठरावीक कोनांत. पण हे सात जण नुसते असून भागत नाही, ते नेमक्या अंतरावर उभे राहायला हवेत, आणि त्यांना तसं उभं करणारी माणसं लूपच्या बाहेर असतात. ९९वं टायरोसिन त्यांतलं. लूपच्या उंबऱ्यावर त्याचं मोठं सपाट वलय आतल्या तेलकट भागात दाबून बसलेलं असतं. तिथं आखूड सिस्टीन आलं की पोकळी राहते, आणि हेलिक्सचा (लूपला लागून असलेला मळसूत्री भाग) शेवट व लूपची सुरुवात दोन्हीला हलायला मोकळीक मिळते. कॅल्शियम बसलेलं असताना हे जाणवत नाही, म्हणून तुमचे आलेख एकावर एक आले. फरक दिसतो कॅल्शियम नसताना: रिकामं लूप किती भटकतं, आणि परत त्या आकारात यायला त्याला किती ऊर्जा मोजावी लागते. सिम्युलेशन करायचंच असेल तर रिकाम्या आणि मॅग्नेशियम बसलेल्या अवस्थेचं करा.

अजून एक. तिसरा आणि चौथा ईएफ-हँड सुटे नाहीत, दोन्ही लूप एका छोट्या बीटा-पट्टीनं पाठीला पाठ लावून जोडलेले आहेत. एक सैल झाला की दुसऱ्याला त्याची झळ बसते. आणि सायक्लेज थांबवण्याचा भार मुख्यतः याच जोडीवर आहे.

(अवांतर: हे 'ई' आणि 'एफ' कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिनच्या दोन हेलिक्सचे. नाव १९७३चं. आमच्या विद्यार्थिदशेत यावर तोंडी परीक्षेत हमखास प्रश्न असायचा आणि हमखास कोणीतरी इंग्रजी शब्दाचं संक्षिप्त रूप सांगायचं.)

---

कागलची_पोरगी

सर, रिकाम्या अवस्थेचा विचारच डोक्यात नव्हता आला, आजच लावते. म्हणजे ई१५५जी आणि ई१११व्ही हे सरळ घाव आहेत ना? पहिल्यात चौथ्या लूपचं १२व्या जागेचं ग्लुटामेट जाऊन ग्लायसिन येतं, दुसऱ्यात तिसऱ्या लूपचं जाऊन व्हॅलिन. दोन ऑक्सिजन एका फटक्यात गेले.

---

जुना_बेंच

बरोबर. आणि डी१००ई बघा. तिसऱ्या लूपची पहिली जागा, अॅस्पार्टेट जाऊन ग्लुटामेट. भार तोच, गट तोच, फक्त एक कार्बन लांब. कागदावर मामुली दिसतो आणि तरी आजार होतो. इथं मिलिमीटरचा नव्हे, अँगस्ट्रॉमच्या अंशाचा हिशेब आहे.

---

उसाचा_रस

मी करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ. बीएस्सी अर्धवट सोडलेली, त्यामुळं चुकलं तर सांगा.

माझ्या डोक्यात असं बसलंय. काहिलीत रस उकळालाय, चुलवाणात चिपाडं सारणारा गडी म्हणजे तुमचं सायक्लेज. वर उभा असलेला गुळव्या म्हणजे जीकॅप. रसाला येणारा ऊत म्हणजे कॅल्शियम. ऊत वर आला की गुळव्या ओरडतो, जाळ थांबव. खाली गेला की म्हणतो, सार. आता गुळव्याला ऊतच नीट दिसंना झाला तर? तो म्हणत राहणार सार, सार. जाळ वाढणार आणि ऊत आणखी वर येणार. म्हणजे गुळव्याला ऊत दिसत नाही म्हणून ऊत वाढतो. कॅल्शियम ओळखता येत नाही म्हणून कॅल्शियम वाढतं. बरोबर का?

---

कागलची_पोरगी

दादा, माझ्या सेमिनारची पहिली स्लाइड तुम्ही करून दिली! हेच लोकांना समजत नाही. 'कॅल्शियम बांधता येत नाही' म्हटलं की सगळे धरून चालतात की पेशीत कॅल्शियमची कमतरता झाली. उलट आहे.

---

शाहूपुरी_वरून

उपमा चांगली आहे, पण एक शंका. या आजारात दोनपैकी एकाच जनुकात बिघाड असतो ना? म्हणजे निम्मे गुळवे डोळस आहेत. ते का आवरत नाहीत?

---

जुना_बेंच

मुद्द्याचा प्रश्न. कारण एक गुळव्या सगळ्या चुलींवर ओरडत नाही. प्रत्येक सायक्लेजला आपला जीकॅप चिकटलेला असतो. ज्यांना बदललेला जीकॅप मिळाला ते सायक्लेज कॅल्शियम वर गेलं तरी सीजीएमपी बनवत राहतात, आणि निरोगी जीकॅपवाले आपलं काम थांबवून बसले तरी त्यांना शेजाऱ्याचं थांबवता येत नाही. म्हणून एक प्रत पुरते, आजार प्रभावी पद्धतीनं उतरतो.

उपमेत एक दुरुस्ती. बदललेला जीकॅप सहसा पूर्ण आंधळा नसतो. पकड ढिली झालेली असते, गेलेली नसते. त्यामुळे कॅल्शियम चढत चढत अशा पातळीला पोचतं जिथं तो बदललेला जीकॅपही थोडाफार आवरायला लागतो. पेशी तिथं स्थिरावते, पण त्या वरच्या पातळीवर. सीजीएमपी जास्त, उघड्या वाहिन्या जास्त, कॅल्शियम जास्त, रोज, वर्षानुवर्षं. पेशी का मरते, सीजीएमपीमुळे की कॅल्शियममुळे, यावर वाद आहे. संशय दोघांवर आहे.

आणि गंमत म्हणजे चूक गड्याचीही असू शकते. सायक्लेजच्या जनुकात, जीयूसीवाय२डीमध्ये, ८३८व्या जागी आर्जिनिन बदललं तरी जवळजवळ हाच आजार होतो. तिथं जीकॅप धडधाकट असतो, पण थांबायला जास्त कॅल्शियम लागतं. त्याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तर मात्र सगळं उलट: सीजीएमपीच बनत नाही आणि मूल जन्मापासून जवळजवळ आंधळं असतं, लेबर जन्मजात अंधत्व.

---

इचलकरंजी_माग

वाचालोय दोन दिवस. लिहू का नको असं झालेलं.

माझ्या थोरल्या भावाचा रिपोर्ट हाच आहे. जीयूसीए१ए, वाय९९सी, हेटेरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीत), पॅथोजेनिक (आजार करणारा). विशीत सुरू झालं. मागावर सुताचा रंग ओळखायला चुकायला लागला, मग दुपारचं बाहेर पडलं की डोळे मिटूनच चालायचं. लोक म्हणायचे नाटक करतोय, कारण संध्याकाळी दिवेलागणीला त्याला आमच्याएवढंच दिसायचं. चष्म्याचे नंबर बदलून झाले. शेवटी पुण्याला ईआरजी (डोळ्याच्या पडद्याचा विद्युत आलेख) केला तेव्हा कळलं.

रिपोर्ट वाचून भावानं गंगावेशीतलं कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सोडलंय आणि वहिनीनं कॅल्शियमच्या गोळ्या फेकल्यात. डोळ्यात कॅल्शियम वाढतंय म्हणून. हे बरोबर आहे का? आणि त्याला दोन मुलं आहेत.

---

डोळस (ऑप्टोमेट्रिस्ट)

दादा, दूध चालू करा. आजच.

रक्तात मोकळं कॅल्शियम सव्वा मिलिमोलरच्या आसपास असतं. प्रकाशपेशीच्या आत २५० नॅनोमोलर. म्हणजे पेशीच्या दाराबाहेर आतल्यापेक्षा सुमारे पाच हजार पट कॅल्शियम कायमच उभं आहे. दूध प्यायल्यानं किंवा सोडल्यानं रक्तातलं प्रमाण जेमतेम हलतं, शरीर ते घट्ट धरून ठेवतं, कमी पडलं तर हाडांतून काढतं. आत किती येणार हे वाहिन्या किती उघड्या आहेत त्यावर ठरतं. दूध सोडून हाडं जातील, डोळ्याला काही मिळणार नाही. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर त्यांना विचारूनच काय ते.

'दुपारी दिसत नाही, संध्याकाळी दिसतं' हे नाटक नाही, हेच लक्षण आहे. लख्ख उजेडातलं, बारीक, रंगीत बघणं शंकुपेशींचं काम, आणि आधी त्याच जातात. कमी उजेडात दंडपेशी कामाला येतात, त्या बराच काळ टिकतात. म्हणून ईआरजीमध्ये वेगानं लुकलुकणाऱ्या दिव्याला, सेकंदाला ३० वेळा, मिळणारा प्रतिसाद खालावलेला येतो आणि अंधारातला प्रतिसाद पुष्कळदा ठीक असतो. सुरुवातीला पडदा तपासताना डोळा अगदी चांगला दिसू शकतो, त्यामुळे चष्म्याच्या नंबरातच वर्षं जातात. काही घराण्यांत पुढं दंडपेशींनाही झळ लागते, तेव्हा रात्रीचंही विचारत राहा.

मदत होते ती अशी: गडद किंवा लालसर-तपकिरी छटेच्या काचा, रुंद काठाची टोपी, मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी मोठी अक्षरं, वाचायला भिंग. मागावर सुताच्या कोनांना रंगाचं नाव ठळक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. आणि दृष्टी ठरावीक मर्यादेखाली गेली असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा, लोक लाजून काढत नाहीत.

---

पंचगंगेचा_वारा

त्रिफळ्याच्या पाण्यानं रोज डोळे धुवायला सांगा. आमच्या काकांचा नंबर उतरला.

---

डोळस

काकांना वाय९९सी नव्हता. घरी केलेलं गाळीव-न गाळीव पाणी डोळ्यात घालायला मी कुणालाच सांगणार नाही, जंतुसंसर्ग झाला तर आहे ते पण जाईल.

---

रंकाळाकाठ

@इचलकरंजी_माग, मुलांबद्दल. प्रत्येक मुलाला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा-मुलगी भेद नाही, दुसऱ्याला मिळाला की नाही यावर पहिल्याचं ठरत नाही. पण लक्षणं नसतील तर लगेच रक्त काढायची घाई करू नका. जेनेटिक समुपदेशनात साधारण शिरस्ता असा की ज्यावर आज उपचार नाही अशा, मोठेपणी दिसणाऱ्या आजाराची चाचणी मूल स्वतः ठरवण्याएवढं मोठं होईपर्यंत थांबवतात. फळ्यावरचं दिसत नाही, उन्हात डोळे मिटतात असं काही वाटलं तर मात्र नेत्रतज्ज्ञाला दाखवा, तो वेगळा प्रश्न.

उपचाराचं: २०१७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेली जीन थेरपी पेपरात वाचून बरेच जण विचारतात. ती आरपीई६५ या जनुकासाठी. तिथं दोन्ही प्रती निकामी असतात, म्हणून एक चांगली प्रत नेऊन टाकली की काम होतं. तुमच्या भावाकडे चांगली प्रत आधीच आहे, त्रास वाईट प्रतीचा आहे. म्हणजे इथं टाकायचं नाही, गप्प करायचं आहे. उंदरांवर तसे प्रयोग झालेत, बदललेल्या जनुकाचा आवाज दाबून पेशी जास्त टिकतात का ते बघण्याचे. माणसासाठी दवाखान्यात मिळेल असं आज काही नाही. कुणी पैसे घेऊन देतो म्हणालं तर उठून या.

---

शाहूपुरी_वरून

वाहिन्याच बंद करणाऱ्या गोळ्या असतात ना, बीपीच्या? डिल्टियाझेम वगैरे?

---

जुना_बेंच

विचार झालाय. १९९९ मध्ये पडद्याच्या एका वेगळ्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत डिल्टियाझेमनं फायदा दिसल्याचं छापून आलं, मग इतरांनी करून बघितलं तर तसं दिसेना. शिवाय बीपीच्या गोळ्यांचं मुख्य लक्ष्य असलेल्या वाहिन्या आणि सीजीएमपीवर चालणाऱ्या या वाहिन्या वेगळ्या. इथं वाचून कुणी चालू करू नका, हृदयाचे ठोके मंदावतात त्यानं.

---

इचलकरंजी_माग

सगळ्यांचे आभार. दूध चालू केलं म्हणून भाऊ खूश आहे. वहिनीला डॉक्टरांकडं विचारायला लावतो. तो गुळव्याचा भाग मोठ्यानं वाचून दाखवला. भाऊ म्हणाला, आता कळलं, डॉक्टरनं पाच मिनिटात सांगितलेलं कायबी कळलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. चुलत बहिणीनं पण तपासणी केली, तिला डोळ्याचा काही त्रास नाही. तिच्या रिपोर्टात त्याच जनुकात दुसराच बदल आलाय आणि पुढं व्हीयूएस लिहिलंय.

---

रंकाळाकाठ

व्हीयूएस म्हणजे अर्थ अजून न लागलेला बदल. आजार आहे असं नाही, नाही असंही नाही. तिला त्रास नसेल आणि भावाचा वाय९९सी तिच्यात नसेल तर त्या ओळीवरून कुठलाही निर्णय घेऊ नये. काही वर्षांनी प्रयोगशाळेला परत विचारावं, वर्गीकरण बदलतं.

---

जुना_बेंच

यालाच जोडून. एखादा बदल ईएफ-हँडजवळ आहे म्हणून तो कॅल्शियमच बिघडवतो असंही नाही. पी५०एल नावाचा बदल आहे, ५०वं प्रोलिन जाऊन ल्युसिन. त्यात सायक्लेजचं कॅल्शियमला दिलेलं उत्तर जवळपास मूळ प्रथिनासारखंच राहतं, प्रथिन मात्र कमी टिकाऊ होतं. कॉम्प्युटरनं 'घातक' म्हटलं म्हणून घातक असं धरू नये. प्रथिन बनवून, सायक्लेजसोबत कॅल्शियम वाढवत नेऊन मोजावं लागतं, की थांबतं कुठं.

---

कागलची_पोरगी

तेच विचारायचं होतं. गाइड म्हणतायत की प्रथिन बॅक्टेरियात बनवून आयटीसीवर (चिकटताना निघणारी उष्णता मोजणारं यंत्र) कॅल्शियमची पकड मोजू. रिकाम्या अवस्थेच्या सिम्युलेशनमध्ये वाय९९सीचं तिसरं लूप मूळपेक्षा बरंच जास्त हलतंय, त्यामुळं हुरूप आलाय. मोजताना काय सांभाळू?

---

जुना_बेंच

चार गोष्टी, आणि पहिली सगळ्यात छळणारी. तुला बघायचंय २५ ते १००० नॅनोमोलरच्या टापूत. साध्या डिस्टिल्ड पाण्यात, बफरच्या मिठांत, काचेच्या भांड्यांत मिळून मायक्रोमोलर कॅल्शियम कधीच येऊन बसलेलं असतं. म्हणजे तू काही घालायच्या आधीच प्रथिन भरलेलं. बफर चेलेक्स रेझिनमधून (कॅल्शियम ओढून घेणारे दाणे) काढ, प्लास्टिकची भांडी वापर, आणि सायक्लेजच्या चाचणीत मोकळं कॅल्शियम ईजीटीएच्या (कॅल्शियमला धरून ठेवणारं रसायन) बफरनं ठरव. पीएच जरा हलला तरी ईजीटीएची पकड बदलते, तेव्हा पीएच कॅल्शियम घातल्यावर परत तपास.

दुसरी, मॅग्नेशियम एक मिलिमोलर घातल्याशिवाय मोजू नकोस. पेशीत ते असतंच, आणि कॅल्शियमला जागा त्याच्याशी भांडून मिळते. मॅग्नेशियमशिवाय आलेला आकडा देखणा असेल, पण डोळ्याचा नसेल.

तिसरी, बॅक्टेरियात मिरिस्टॉइल गट (प्रथिनाच्या टोकाला लागणारी चरबीची शेपटी) आपोआप लागत नाही. तो लावणारं एन्झाइम सोबत घालावं लागतं. जीकॅपमध्ये हा गट प्रथिनाच्या आत दडून राहतो, रिकव्हरिन या त्याच्याच कुळातल्या प्रथिनासारखा कॅल्शियम बसल्यावर बाहेर येत नाही, आणि तो नसेल तर कॅल्शियमची पकडही बदलते.

चौथी, आयटीसीवर तिन्ही जागांची उष्णता एकमेकींत मिसळून येते. वाय९९सीमध्ये नेमका कुठला ईएफ-हँड ढिला झाला ते एका आलेखावरून सांगायला जाऊ नकोस. ९४व्या जागी ट्रिप्टोफॅन आहे, तिसऱ्या ईएफ-हँडच्या अगदी जवळ. त्याची चमक कॅल्शियमबरोबर कशी बदलते ते वेगळं मोज, आणि मूळ प्रथिन त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये शेजारी चालव.

---

कागलची_पोरगी

चेलेक्स मागवायला सांगते. काचेचे बीकर कपाटात. ई१५५जीचा क्लोनही करू का सोबत?

---

जुना_बेंच

कर. मूळ, वाय९९सी आणि ई१५५जी, तिन्ही एका वेळी. ऑक्सिजनच काढून टाकल्यावर आलेख कसा दिसतो ते शेजारी असलं की वाय९९सीचा आलेख वाचायला सोपा जातो. आकडे आले की याच धाग्यावर टाक, नवीन काढू नकोस.